सुई आणि संवाद

केटामाइन या भुलीच्या औषधासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात डॉक्टरांसाठी एक सूचना असते. रुग्ण शुद्धीवर येत असताना त्याच्याशी कमीत कमी बोलावे आणि त्याला कमीत कमी हात लावावा, म्हणजे या औषधाने होणारे भास आणि घालमेल कमी होते, असा तिचा आशय. १९८०च्या दशकात लेनिनग्राडमधल्या काही डॉक्टरांनी नेमके याच्या उलट केले. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला त्यांनी हेच औषध दिले आणि त्याचा अंमल चढलेला असतानाच ते त्याच्याशी बोलत राहिले. औषध देण्याचा हेतूच तो होता. पुढे २०००नंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांत हेच औषध नैराश्यावर आले, तेव्हा रुग्णाच्या शिरेत चाळीस मिनिटे ते संथपणे सोडायचे, मग प्रश्नावलीवर त्याच्या मनःस्थितीचे गुण मोजायचे, एवढाच शिरस्ता उरला. बोलणे टाळा असेही कोणी म्हणत नव्हते, बोलाच असेही नाही. बोलण्याचा प्रश्नच चाचणीच्या आराखड्यात नव्हता. आज केटामाइनला सायकोथेरपीची जोड द्यावी की नाही यावर वाद चालतो, तेव्हा औषधाचा गुण खरा की संवादाचा, असा तो मांडला जातो. मला वाटते, हा वाद प्रयोगशाळेपेक्षा इतिहासातून जास्त उलगडतो. संवाद या उपचारातून गळाला, तो निरुपयोगी ठरला म्हणून गळाला नाही. ज्या यंत्रणांनी पुढे हे औषध हाती घेतले, त्यांना तो मोजता येत नव्हता आणि विकताही येत नव्हता.

सुरुवात डेट्रॉइटमध्ये झाली. तिथल्या पार्क-डेव्हिस कंपनीने १९५०च्या दशकात फेनसायक्लिडीन नावाचे भुलीचे औषध तयार केले होते. त्याने श्वास मंदावत नसे, रक्तदाब कोसळत नसे. पण शस्त्रक्रियेनंतर काही रुग्ण तासन्‌तास बरळत, बेभान होत. त्याच कुळातले, पण लवकर उतरणारे रसायन कंपनीला हवे होते. वेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि कंपनीचे सल्लागार कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२मध्ये ते बनवले. ऑगस्ट १९६४मध्ये एडवर्ड डोमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी ते पहिल्यांदा माणसाला दिले, आणि ती माणसे होती मिशिगनमधल्या जॅक्सन तुरुंगातले कैदी. त्यांनी स्वेच्छेने भाग घेतल्याची नोंद असली, तरी तुरुंगातल्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, ही शंका या औषधाच्या जन्मापासूनच त्याला चिकटली आहे. आपण अंतराळात तरंगत होतो, हातपाय नाहीसेच झाले होते, असे काहींनी जागे झाल्यावर सांगितले. कंपनीच्या आणि भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने ही अडचण होती. उत्तम औषधाला लागलेले ते गालबोट होते आणि झोपेच्या गोळीने किंवा शांत खोलीने ते झाकता येत होते. १९७०मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. व्हिएतनामच्या रणांगणावर ते वापरले गेले. ऑक्सिजनचे यंत्र किंवा पुरेशी वीज नसलेल्या ठिकाणीही निभावून नेते, म्हणून ते जगभरच्या गरीब देशांत पोचले आणि १९८५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही गेले.

भूलतज्ज्ञ जे झाकू पाहत होते, त्याचाच उपयोग करावा असे काही मानसोपचारतज्ज्ञांना फार लवकर वाटले. यात मोठे नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात भेदरलेल्या सैनिकांना सोडियम अमायटलसारखी गुंगीची औषधे देऊन दडपलेल्या आठवणी बोलत्या करण्याची रीत रूढ झाली होती, आणि १९५०-६०च्या दशकांत कॅनडा व अमेरिकेत एलएसडी देऊन मद्यपींवर उपचार करण्याचे बरेच प्रयत्न झाले होते. एलएसडीवर बंदी आल्यावर, रुग्णालयाच्या कपाटात कायदेशीरपणे ठेवता येणाऱ्या केटामाइनकडे लक्ष जाणे साहजिकच होते. १९७३मध्ये इराणमधल्या खोर्रमजादेह आणि लोत्फी या दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या १०० रुग्णांवर केलेला असा प्रयोग प्रसिद्ध केला. अर्जेंटिनात आल्बेर्तो फोन्ताना यांनी मनोविश्लेषणाच्या चौकटीत हे औषध वापरले. मेक्सिको सिटीत साल्वादोर रोकेत अनेक भ्रामक औषधांबरोबर केटामाइनही देत. रात्रभर चालणाऱ्या त्यांच्या सामूहिक सत्रांत चित्रपट, आवाज आणि प्रकाश यांचा रुग्णांवर भडिमार केला जाई. १९७४मध्ये त्यांना अटक झाली. या तिन्ही ठिकाणी कल्पना एकच होती. औषधाने मनाची नेहमीची तटबंदी काही काळ ढासळते, आणि त्या वेळात जे काम होते तो उपचार. ते काम नेमके कोणते, कोणी आणि किती वेळ करायचे, याचे उत्तर मात्र प्रत्येकाचे वेगळे होते. तुलना करता येईल अशा नोंदीही फारशा ठेवल्या गेल्या नाहीत.

अशा नोंदी पहिल्यांदा ठेवल्या गेल्या लेनिनग्राडमध्ये. ते तिथेच का घडले, हे कळायला तिथल्या व्यसनोपचाराची घडण पाहावी लागते. सोव्हिएत व्यवस्थेत १९७०च्या दशकाच्या मध्याला नार्कोलॉजी म्हणजे व्यसनांचे वैद्यक ही मानसोपचारापासून वेगळी, स्वतंत्र शाखा झाली. तिचे दवाखाने जिल्ह्याजिल्ह्यांत होते. तिथे मद्यपीची अधिकृत नोंद होई आणि त्या नोंदीचे परिणाम त्याच्या नोकरीवर आणि वाहन परवान्यावरही होत. कामाच्या सक्तीसह ठेवणाऱ्या बंदिस्त संस्थाही होत्या. मनोविश्लेषणाला तिथे विचारसरणीमुळे जागा नव्हती. पाव्हलोव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियांना आणि संमोहनाला मात्र मान होता. म्हणून ओकारी आणणारे औषध देऊन दारूचा वास जोडायचा, किंवा दारू प्यायलास तर जीव जाईल असे डॉक्टरने भारदस्तपणे मनावर ठसवायचे, अशा पद्धती तिथे रुजल्या. क्रिमियातल्या फिओदोसिया गावात अलेक्सांद्र दोव्झेन्को यांनी रूढ केलेले ‘कोडिंग’ हे याचे सर्वांत प्रसिद्ध रूप. मे १९८५मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम उघडली आणि या शाखेवर निकाल दाखवण्याचा दबाव वाढला. येव्हगेनी क्रुपित्स्की आणि अलेक्सांद्र ग्रिनेन्को यांचे केटामाइनचे काम याच सुमारास लेनिनग्राड प्रांताच्या व्यसनमुक्ती दवाखान्यात सुरू झाले. पाश्चात्त्य जगातल्या हिप्पी पिढीशी त्याचा थेट संबंध नव्हता. त्याची मुळे सोव्हिएत दवाखान्यातच होती.

सुरुवातीच्या पद्धतीत हे मूळ उघड दिसते. आधी रुग्णाशी कित्येक तास बोलणे होई. तो का पितो, प्यायल्याने काय गेले, पिणे सोडले तर आयुष्य कसे असेल, आणि इंजेक्शननंतर त्याला काय काय जाणवू शकेल, हे सारे त्यात येई. मग स्नायूत केटामाइन आणि जोडीला दुसरी औषधे दिली जात. सत्र सुमारे तासभर चाले, पार्श्वभूमीला संगीत असे. भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ असे दोघे डॉक्टर हजर असत. एक शरीराकडे लक्ष ठेवी, दुसरा बोलत राही. अनुभव अगदी तीव्र झाला की रुग्णाच्या नाकाशी दारू धरली जाई, तिची चव दिली जाई, म्हणजे त्या भीषण क्षणाशी दारू कायमची जोडली जावी. यात पाव्हलोव्ह होता, संमोहन होते आणि भीतीही होती. पुढच्या वर्षांत, विशेषतः सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर बाहेरच्या जगाशी संपर्क वाढल्यावर, दारू हुंगवण्याचा भाग मागे पडला. जगण्याचा अर्थ, मृत्यू, आपल्या माणसांशी असलेले नाते अशा प्रश्नांना त्या संभाषणात अधिक जागा मिळाली. दुसऱ्या दिवसापासून गटात बसून त्या अनुभवाचा अर्थ लावण्याचे काम होई. म्हणजे एका दशकात या उपचारातले औषध तेच राहिले आणि त्याच्याभोवतीचा संवाद धमकीकडून चिंतनाकडे सरकला. औषध आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळतो.

क्रुपित्स्की आणि ग्रिनेन्को यांनी १९९७मध्ये दहा वर्षांच्या कामाचा आढावा छापला. त्यात केटामाइनच्या सत्रांतून गेलेल्या १११ रुग्णांपैकी ७३ जण, म्हणजे ६५.८ टक्के, वर्षाहून अधिक काळ दारूपासून पूर्ण दूर राहिले. नेहमीचे उपचार घेतलेल्या १०० जणांच्या गटात हे प्रमाण २४ टक्के होते. व्यसनोपचाराची थोडीही माहिती असलेल्याला हे आकडे विश्वास बसू नये इतके चांगले वाटतील, आणि तसा संशय घेणे योग्यच आहे. नव्या उपचाराला तयार होणारा माणूस मुळातच जास्त जिद्दीचा असू शकतो. रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कोणता उपचार चालू आहे ते ठाऊक होते. नोंद झालेल्या मद्यपीचे नुकसान करू शकणाऱ्या व्यवस्थेत ‘मी पीत नाही’ या उत्तराचे वजनही जपून करावे लागते. या आकड्यांवरून केटामाइन दारू सोडवते असे सिद्ध होत नाही, आणि सायकोथेरपी दारू सोडवते असेही होत नाही. त्यातून मिळतो तो एक नीट मांडलेला दावा: औषध, तयारी, सोबत आणि नंतरचा अर्थबोध या चार गोष्टी एकत्र दिल्या तर काहीतरी मोठे घडत असावे. असा दावा समोर आला की त्याचे भाग सुटे करून तपासणे हे विज्ञानाचे पुढचे काम असते.

त्या दिशेने एक पाऊल रशियातच पडले. २००२मध्ये क्रुपित्स्की यांच्या गटाने हेरॉइन सोडलेल्या ७० जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले गेले. एका गटाला वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम आणि दुसऱ्याला फक्त ०.२ मिलिग्रॅम केटामाइन मिळाले. सायकोथेरपी दोघांनाही सारखीच. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात मोठा डोस मिळालेल्यांत हेरॉइनपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. २००७च्या दुसऱ्या चाचणीत पहिल्या सत्रानंतर काहींना केटामाइनची आणखी दोन सत्रे मिळाली आणि काहींना औषधाविना समुपदेशन. वर्षअखेरीस दूर राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५० टक्के, दुसऱ्यात २२ टक्के भरले. नुसते बोलणे पुरते असे मानणाऱ्यांना या चाचण्या उत्तर देतात: बोलणे तेच असताना औषधाने फरक पडला. पण दोन्ही ठिकाणी बोलणे प्रत्येकाला मिळालेच होते, म्हणून ते काढून घेतल्यावर काय होते हा प्रश्न अनुत्तरित राहिला. ते तपासण्याआधीच रशियात केटामाइनवरचे नियंत्रण कडक झाले. अमली पदार्थांच्या नव्या खात्याने २००३च्या सुमारास पशुवैद्यांवरही केटामाइनच्या वापराबद्दल खटले भरले. अशा वातावरणात व्यसनी लोकांना केटामाइन देणारा दवाखाना चालणे अवघडच होते.

दरम्यान अमेरिकेत याच औषधाचा दुसराच इतिहास सुरू झाला होता. येल विद्यापीठात जॉन क्रिस्टल आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये निरोगी माणसांना थोडे केटामाइन देऊन स्किझोफ्रेनियासारखी लक्षणे काही काळ कशी उमटतात, ते दाखवले. त्यांना रस होता मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनात. त्याच तर्काने, किलोमागे ०.५ मिलिग्रॅम केटामाइन चाळीस मिनिटांत शिरेतून देण्याची पद्धत त्यांनी नैराश्याच्या रुग्णांवर वापरली. रॉबर्ट बर्मन यांच्या नावाने २०००मध्ये छापलेल्या या अभ्यासात फक्त सात रुग्णांचे निकाल होते, पण काही तासांतच मन हलके झाल्याचे त्यात दिसले. नैराश्याची नेहमीची औषधे लागू पडायला आठवडे घेतात. म्हणून हे धक्कादायक होते. २००६मध्ये कार्लोस झाराते यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत इतर औषधांना दाद न देणाऱ्या १८ रुग्णांवर तेच पुन्हा दाखवले. एका दिवसात ७१ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली, आणि आठवड्याने ती ३५ टक्क्यांत टिकली. क्रुपित्स्की आणि क्रिस्टल एकमेकांना अनोळखी नव्हते. २००१मध्ये त्यांनी एकत्र शोधनिबंधही लिहिला. तरीही लेनिनग्राडच्या पद्धतीतला संवाद येलच्या आराखड्यात आला नाही. ज्या रसायनशास्त्रीय प्रश्नाचा ते शोध घेत होते, त्यात तो व्यत्ययच ठरला असता. अनुभवाची तीव्रता ‘विघटनाच्या’, म्हणजे स्वतःपासून आणि भोवतालापासून तुटल्याच्या जाणिवेच्या, प्रमाणपट्टीवर मोजली गेली आणि दुष्परिणामांच्या तक्त्यात भरली गेली.

यात कोणाचा कट नव्हता, चूकही नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा चांगल्या प्रयोगाचा नियम आहे. अडचण पुढे आली, जेव्हा प्रयोगाची सोय उपचाराची व्याख्या बनली. केटामाइनचे मूळ पेटंट केव्हाच संपले होते. स्वस्त इंजेक्शनवर मोठ्या चाचण्यांचा खर्च करणारी कंपनी मिळणे शक्य नव्हते. जॅन्सेन कंपनीने केटामाइनमधल्या, एकमेकांच्या आरसाप्रतिमा असलेल्या दोन रेणूंपैकी एक वेगळा काढून एस्केटामाइन हा नाकात मारायचा फवारा विकसित केला आणि मार्च २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. सुरुवातीची जाहीर किंमत एका वेळेसाठी ५९० ते ८८५ डॉलर होती. फवारा दवाखान्यातच घ्यायचा, त्यानंतर रुग्णाला किमान दोन तास देखरेखीखाली ठेवायचे, त्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही, असे नियम झाले. दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारे कोणी असलेच पाहिजे, इतकी काळजी घेतली गेली. त्या दोन तासांत रुग्णाशी काय बोलावे, आधी किंवा नंतर त्याला कोणी भेटावे की नाही, याबद्दल काहीही बंधन नव्हते. पेटंट रेणूवर मिळते, संभाषणावर मिळत नाही. आणि ज्यावर पेटंट नाही त्याची चाचणी करायला खासगी पैसा येत नाही. म्हणून मान्यतेच्या कागदात संवाद नाही.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. औषध थेरपीशिवायही काम करते हे दाखवले गेले आहे, मग ती जोडण्याचा आग्रह कशासाठी? २०१३मध्ये जेम्स मरो यांच्या चाचणीत ७३ रुग्णांची तुलना साध्या सलाईनशी न करता मिडाझोलम या गुंगीच्या औषधाशी केली गेली. एका दिवसानंतर केटामाइनच्या गटात ६४ टक्के आणि दुसऱ्या गटात २८ टक्के रुग्ण सुधारले. हे नाकारण्याचे कारण नाही. पण आक्षेप ज्यावर उभा आहे तो परिणाम पहिल्या दिवसाचा आहे. त्याच गटाने लागोपाठ सहा वेळा औषध दिलेल्या २४ रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा सुधारलेल्यांपैकी निम्म्यांचे नैराश्य सुमारे अठरा दिवसांत परतले होते. तीन आठवडेही न टिकणारा आराम पुन्हापुन्हा विकत घ्यायचा, की त्या आरामाच्या काळात आणखी काही करायचे, हा खरा प्रश्न आहे. येलमधल्याच रोनाल्ड ड्यूमन यांच्या गटाने २०१०मध्ये उंदरांच्या मेंदूत केटामाइननंतर एका दिवसात चेतापेशींमधले नवे जोड वाढतात असे दाखवले. माणसातही तसेच घडते असे धरले, तर ती स्थिती म्हणजे पावसानंतर जमिनीला आलेला वाफसा आहे. तो पेरणीसाठी असतो, आणि पेरणी न करता गेला तर नुसत्या ओलाव्याने पीक येत नाही. ही कल्पना आकर्षक आहे, पण अजून ती कल्पनाच आहे, हे तिच्या समर्थकांनी विसरू नये.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: हा सारा अपेक्षेचा खेळ असेल तर? २०२३मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने एक चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या ४० जणांची कुठल्या ना कुठल्या कारणाने शस्त्रक्रिया होणार होती. पूर्ण भूल दिलेली असताना त्यांतल्या काहींना केटामाइन दिले आणि काहींना सलाईन. आपल्याला काय मिळाले हे कोणालाच जाणवणे शक्य नव्हते. दोन्ही गट चांगलेच सुधारले आणि त्यांच्यात फरक आढळला नाही. यावरून केटामाइन म्हणजे भ्रम असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे आहे. भुलीच्या इतर औषधांचाही परिणाम झाला असेल, आणि अनुभवाविना केटामाइन काम करत नाही असाही त्याचा अर्थ लावता येतो. पण यातला कुठलाही अर्थ घेतला, तरी इंजेक्शनच्या भोवती जे घडते, म्हणजे मिळालेले लक्ष, दिलेली आशा, घेतलेली काळजी, ते परिणामाचा मोठा वाटा उचलते, हे उरतेच. तसे असेल तर त्या भोवतालाकडे दुर्लक्ष करण्यापेक्षा तो नीट घडवणे शहाणपणाचे आहे. अपेक्षेचा परिणाम सिद्ध झाल्याने संवाद फोल ठरत नाही. संवाद योगायोगावर सोडणे फोल ठरते.

मग भाग सुटे करून कोणी पाहिलेच नाही का? पाहिले, पण उशिरा आणि लहान प्रमाणावर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एलियास डाकवार यांनी २०१९मध्ये कोकेनचे व्यसन असलेल्या ५५ जणांची चाचणी छापली. सर्वांना सजगतेवर आधारलेली थेरपी मिळाली. त्यात काहींना एकदा केटामाइन आणि इतरांना मिडाझोलम. शेवटच्या दोन आठवड्यांत कोकेन न घेतलेले पहिल्या गटात ४८.२ टक्के आणि दुसऱ्यात १०.७ टक्के निघाले. त्याहून महत्त्वाची आहे इंग्लंडमधल्या एक्सटर विद्यापीठाची २०२२ची चाचणी, कारण तिने लेनिनग्राडचा अर्धवट राहिलेला प्रश्न सरळ विचारला. दारूचे व्यसन असलेल्या ९६ जणांचे चार गट केले: केटामाइन आणि थेरपी, केटामाइन आणि दारूविषयी नुसती माहिती, सलाईन आणि थेरपी, सलाईन आणि माहिती. सहा महिन्यांच्या पाठपुराव्यात केटामाइन मिळालेल्यांचे दारूविना गेलेले दिवस इतरांपेक्षा सुमारे १० टक्के अंशांनी जास्त होते. दोन टोकांची, म्हणजे केटामाइन-थेरपी आणि सलाईन-माहिती यांची, तुलना केली तर ही तफावत सुमारे १६ टक्के अंशांची होती. पुन्हा पिऊ लागलेल्यांच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि औषधाबरोबर थेरपी की माहिती याचा निर्णायक निवाडा करावा एवढी ही चाचणी मोठी नव्हती. म्हणजे जोडीच्या बाजूने कल आहे, निकाल नाही. कल असूनही निकाल नसण्याचे कारण पैशाच्या आणि मान्यतेच्या त्याच व्यवस्थेत आहे. चार गटांची मोठी चाचणी महाग असते, आणि जिच्या उत्तरातून कोणालाही नवे पेटंट मिळणार नाही तिचा खर्च कोण करेल?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. औषधाने ज्याची तटबंदी ढासळली आहे, त्या माणसाच्या मनात बोलण्यातून काहीही उतरवता येते. मग बोलणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? इतिहास या भीतीला पुष्कळ पुरावा देतो. रोकेत यांच्या सत्रांतला भडिमार आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. लेनिनग्राडच्या सुरुवातीच्या पद्धतीतली दारू हुंगवण्याची सक्तीही नाही. केटामाइनने ‘उजळ जगा’ची दारे उघडतात असे सांगणारे पुस्तक १९७८मध्ये भूलतज्ज्ञ पतीबरोबर लिहिणाऱ्या मार्सिया मूर पुढच्याच जानेवारीत बेपत्ता झाल्या आणि १९८१मध्ये त्यांचे अवशेष सापडले. शास्त्रज्ञ जॉन लिली यांनी स्वतःवर अनिर्बंध प्रयोग करून जीव धोक्यात घातला. पण याच पुराव्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. अभिनेते मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३मध्ये केटामाइनच्या परिणामांमुळे दगावले. ते दवाखान्यात केटामाइनचे उपचार घेत होते, पण शेवटच्या उपचाराला आठवड्याहून जास्त काळ लोटला होता. त्यांच्या शरीरात सापडलेले औषध दवाखान्याबाहेर मिळवलेले होते. दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात घेणाऱ्यांचे मूत्राशय या औषधाने कायमचे निकामी होऊ शकते, हेही २००७पासून नोंदलेले आहे. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, तो रुग्ण सुरक्षित असतो असे नाही; तो फक्त नजरेआड असतो. बोलणाऱ्याची सत्ता धोक्याची आहे, म्हणून तिला नियम, प्रशिक्षण, संमती आणि दुसऱ्या डॉक्टरची हजेरी यांनी बांधावे लागेल. लेनिनग्राडच्या खोलीत भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघे असत, ही त्या पद्धतीतली जपण्यासारखी गोष्ट आहे.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि तो भारतात जास्त बोचतो. केटामाइन इथे स्वस्त आहे आणि ग्रामीण भागातल्या लहान रुग्णालयांना ते दशकानुदशके उपयोगी पडत आले आहे. फेब्रुवारी २०११मध्ये सरकारने त्याला अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत घातले, कारण भारतात बनलेले केटामाइन चोरट्या मार्गाने आग्नेय आशियात जात होते. २०१५मध्ये चीनने त्यावर जागतिक नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला. गरीब देशांतल्या शस्त्रक्रिया अडतील, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला विरोध केला आणि निर्णय लांबणीवर पडला. आता आपल्या मोठ्या शहरांत नैराश्यासाठीही ते दिले जाते. मात्र देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि प्रशिक्षित थेरपिस्ट त्याहून कमी. तेव्हा जिथे बोलणारा माणूसच नाही तिथे निदान सुई तरी मिळू द्या, असा युक्तिवाद केला जाईल. आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाबाबत तो मला मान्य आहे. त्या रात्री जीव वाचवणे पहिले. पण तोच नियम झाला, तर स्वस्त औषध आणि दुर्मीळ माणूस या विषमतेतून आपण असा उपचार उभा करू, ज्यात रुग्णाने दर तीन आठवड्यांनी परत येणे हेच त्याचे यश मानले जाईल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती मिळवून संमती देण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. केटामाइनच्या बाबतीत ती माहिती डोस आणि दुष्परिणामांवर संपू नये. आधी कोण भेटणार, सत्रात कोण शेजारी असणार आणि नंतर कोण बोलणार, हेही तिच्यात आले पाहिजे. लेनिनग्राडच्या प्रांतिक दवाखान्यात हे गटात बसून, फारशा साधनांशिवाय केले जात होते, हेही विसरता येणार नाही.

सहा दशकांत या रेणूची रचना बदललेली नाही; बदलली ती त्याच्या भोवतीची व्यवस्था, आणि प्रत्येक व्यवस्थेने आपल्याला हवे तेवढेच त्याच्यात पाहिले. म्हणून ‘केटामाइन लागू पडते का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या संभाषणासह, कोणाच्या देखरेखीत आणि किती काळासाठी, हे शब्द जोडल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. सायकोथेरपीची जोड हवीच, असे आज पुराव्याने सिद्ध झालेले नाही. ती नको, असेही कधी सिद्ध झालेले नाही. मात्र या दोन अज्ञानांना सारखे वजन देणे चुकीचे आहे. एक अज्ञान चाचण्या अपुऱ्या असल्यामुळे आहे, आणि दुसरे सोयीचे म्हणून तसेच राहू दिलेले आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांनी एक्सटरसारखी चार गटांची चाचणी मोठ्या प्रमाणावर करावी आणि प्रत्येक शोधनिबंधात डोस जितक्या काटेकोरपणे लिहिला जातो, तितक्याच काटेकोरपणे त्या खोलीत झालेले बोलणेही नोंदवावे. तोवर, जो दवाखाना केटामाइन देतो पण त्या आराम देणाऱ्या आठवड्यांत रुग्णाशी कोण काय बोलणार हे सांगू शकत नाही, तो अर्धाच उपचार पूर्ण किमतीला विकतो आहे.